बाहेरचं कुलूप

कुलूप बाहेरून लावलेलं होतं. मंगलाबाईने ते दोन्ही हातांनी धरून असं हलवलं, की पत्र्याचा अख्खा दरवाजा थडथडला.

"मावशी, सोड. मॅनेजर येईल," पहारेकरी छगन म्हणाला.

"येऊ दे मुडद्याला! माणसं कोंडतोस आणि वर मला मावशी म्हणतोस? तुझ्यासारखा भाचा माझ्या बहिणीच्या पोटी आला असता, तर मी बारशाला गेले नसते."

सुरतेत प्लेग आला होता. चार दिवसांत अर्धी डिंडोली वस्ती रिकामी झाली. तोंडाला फडकी बांधून माणसं उधना स्टेशनाकडे पळत होती. गल्लीतला शेवटचा टेम्पो वळणावर उभा होता. त्यात मंगलाबाईची सून सुमन, मांडीवर सहा महिन्यांचं लेकरू घेऊन. टेम्पोवाल्याने पाव तास दिला होता.

आणि तिचा लेक लखन तीन दिवसांपासून कारखान्याच्या या दरवाजाच्या आत. त्याच्यासारखे आणखी एकोणचाळीस. कापडाच्या घड्या घालायच्या, खोकी भरायची. माल परदेशी जायचा होता, जहाजाची तारीख ठरलेली. माणसं गावाला पळतील म्हणून कुलूप.

दरवाजाशेजारी एक इंग्रजी पाटी होती.

"काय लिहिलंय रे त्यावर?"

छगनने मान खाली घातली. "कापड घेणाऱ्या कंपनीची आहे. गेल्या साली गोरा साहेब लावून गेला. इथे कुणाला जबरदस्तीने ठेवत नाहीत, असं काहीतरी आहे म्हणतात."

"मग बोलाव त्या गोऱ्याला!"

"त्यांचा रोज फॅक्स येतो, मावशी. माल कधी निघतो, ते विचारायला."

वरच्या जाळीतून लखनचा आवाज आला. "आई, तू जाय. सुमनला घेऊन गाडी धर."

"उगा ऱ्हाय!" ती वर न बघताच ओरडली. बघितलं असतं तर रडू फुटलं असतं.

गुजराती मॅनेजर शेजारच्या ऑफिसातून बाहेर आला. "माजी, दोन दिवसांची तर वात छे. माल निघाला की सगळ्यांना सुट्टी."

मंगलाबाई सासूसमोर वाकली नव्हती, सरपंचासमोर वाकली नव्हती. तिने मॅनेजरच्या बुटांवर डोकं ठेवलं. "साहेब, एकुलता एक आहे हो माझा."

त्याने पाय मागे घेतला. "एकाला सोडलं तर चाळीस जातील."

वळणावर टेम्पोचा भोंगा वाजला.

मंगलाबाईच्या जिभेने आजवर कुणाला सोडलं नव्हतं. दिवसातून दहा जणांच्या तिरड्या ती बोलताबोलता बांधायची. पण लखनच्या आधीची दोन लेकरं तिने मातीत घातली होती. वास्तू तथास्तु म्हणते, म्हणून रागाच्या भरातसुद्धा लखनबद्दल तिने कधी वाईट शब्द काढला नव्हता. ती उठली. पदर खोचला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"त्याला प्लेग आहे."

छगन दोन पावलं मागे सरला.

"आत आला तेव्हाच अंग फणफणलं होतं. खोकला की रक्त पडायचं. मीच लपवलं. खोटं वाटत असेल तर जा, हात लावून बघा."

कुणी गेलं नाही. मॅनेजरने नाकाला रुमाल लावून खूण केली. दरवाजा एक माणूस निघेल एवढा उघडला, लखन बाहेर आला, दरवाजा लागला. दाढी वाढलेली, डोळे लाल. मंगलाबाईने त्याचं मनगट पकडलं. थंडगार होतं. देवच पावला. ती त्याला ओढतच निघाली.

"ए, थांबा!"

मंगलाबाई थांबली. आता विचारेल, ताप कधीपासून? डॉक्टर कोणता? शेजारी कोण झोपायचं? प्रत्येक सवालाला तिने मनात एकेक खोटं तयार ठेवलं.

वीस पावलांवरून मॅनेजर ओरडला, "तागे कोणकोणते हाताळले त्याने?"

"काय?"

"तागे! कापड! आजारी माणसाचा हात मालाला लागलेला नाही, असा कागद मागितलाय परदेशी कंपनीने. याने हात लावलेलं बाजूला काढायला पाहिजे."

लखन भोळा. "साहेब, मी तर नुसतं कोपऱ्यातलं..."

मंगलाबाईची नखं त्याच्या मनगटात रुतली. तिने जाळीकडे पाहिलं. जाळीतून बोटंच बोटं बाहेर आली होती. कुणाची आई यवतमाळला, कुणाची ओरिसात. भोंगा पुन्हा वाजला, या वेळी थांबेना. तिचं तिला मिळालं होतं. खोटं उघडं पडलं, तर लखन पुन्हा आत जाणार होता.

"सगळे," ती म्हणाली. "हा घड्या घालतो, ते खोकी भरतात. एका ताटात जेवतात, एका चादरीत झोपतात. आत ठेवाल त्या प्रत्येकाचा हात तुमच्या कापडाला लागेल, साहेब."

मॅनेजरचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. "छगन! काढ! सगळ्यांना बाहेर काढ!"

दरवाजा सताड उघडला. एकोणचाळीस माणसं आधी अडखळली, उजेडाने डोळे मिटले, मग पळत सुटली. त्यांच्यातच मंगलाबाई पळत होती, लेकाचं मनगट न सोडता. मागून मॅनेजरचा आवाज आला, मायेने अगदी कातर झालेला.

"अरे, खिडक्या उघडा सगळ्या! मालाला जरा मोकळी हवा लागू द्या!"