पहिली चार गावं

“मंग तुझा भोंगा वाजला का न्हाई?” म्हस्कूने मोबाइल नातीच्या लॅपटॉपशेजारी आपटला.

दिशाने तो उचलून पाहिला. काल दिवस मावळताना मढच्या शिवारात बिबट्या दिसला होता. खालच्या वस्तीवरच्या माणसाने लगेच अ‍ॅपवर कळवलंही होतं. गावातले सगळे फोन भोंग्यासारखे वाजायला हवे होते. एकही वाजला नाही. मेंढरांभोवती वाघरीची जाळी लावायच्या आत आबांची, म्हणजे तिच्या आजोबांची, गाभण मेंढी गेली. तिच्यामागे धावलेला कुत्राही परत आला नाही.

ते अ‍ॅप दिशाचीच कंपनी चालवत होती. तिने साहेबाला, सुदर्शनला, फोन लावला.

“काल नवी आवृत्ती चढवली ना,” तो म्हणाला. “पहिल्या चार गावांत बिघडली. तासाभरात आवृत्ती चढवणाऱ्या टूलनं आपणहून जुनी परत आणली. बाकीच्या दीडशे गावांना पत्तासुद्धा नाही. व्यवस्थित झालं उलट.”

“व्यवस्थित?” दिशाचा आवाज चढला. “त्या चारांत मढ आहे, सर. मागच्या वेळीही होतं. दर वेळी आमचंच गाव का?”

“टूलमध्ये यादी आहे, त्याप्रमाणे ते चालतं. यादी मी नाही केली.”

फोन बंद झाला. आबा तिच्याकडेच बघत होते. तिने सांगितलं, नवं काही आलं की आधी चार गावांत चालवून बघतात, नीट चाललं तर सगळीकडे.

“त्यात काय इपरीत न्हाई,” म्हस्कू म्हणाला. “नव्या रानात आमीबी आधी चारच मेंढरं सोडतो. पाला बाधतो का बघाया. पन त्या चारांपाशी मी सोता दिसभर बसतो. एकीनं मान टाकली तरी मला कळाया पायजे. तुमच्या चारांपाशी कोन बसलं व्हतं?”

दिशाने लॅपटॉप पुढे ओढला. तिला संताप आला होता. ज्याने ही यादी केली त्याचं नाव शोधायचं आणि थेट मालकाला कळवायचं, असं तिने ठरवलं. टूलमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहते. ती मागे मागे जात राहिली. तीन वर्षांपूर्वीची नोंद सापडली. चार गावं, पहिलं मढ. पुढे कारण लिहिलं होतं: ‘इथली माणसं सहसा तक्रार करत नाहीत.’

“घावला का त्यो?” म्हस्कूने विचारलं.

कारणाखाली नाव होतं. दिशा म्हस्कू.

नोकरीतला तो तिचा पहिला आठवडा होता. ती यादी ती पार विसरली होती; तेव्हा हौसेने तिने आडनावाच्या जागी आजोबांचं नाव लावलं होतं.