फिरून आलेली रोटी

जाफराबादच्या ख्वाजामियाँना मरायच्या आधी एक रोटी पुन्हा खायची होती. त्यांचे वडील बैलगाडीत कापूस भरून जालन्याला निघाले की सोबत न्यायचे, ती. ज्वारीचं पीठ, गूळ, मीठ. निखाऱ्यावर दगडासारखी कडक भाजलेली. सून फरहीन हट्टालाच पेटली. पण रोज नवी रोटी चहात बुडवून चाखली की सासरे मान हलवायचे. "चांगली हाय बेटा. पण ती न्हाई."

एकदा नवरा परवेज ट्रक घेऊन परतला, तर त्याच्या पिशवीत तिनं दिलेली एक रोटी तशीच उरली होती. वाटेतलं ऊन अन् धूळ खाल्लेली. ख्वाजामियाँनी तीच चहात बुडवली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हीच! बिलकुल हीच!"

"अब्बा, ही तर शिळी हाय. तुमी लहानपणी ताजी कधी खाल्लीच न्हाई का?"

"ताजी गाडीसंगं जायची, बेटा. बाप पोटाला चिमटा घेऊन एक माझ्यासाठी वापस आणायचा."

परवेज पुन्हा निघाला, तेव्हा फरहीननं एक रोटी वेगळी बांधून दिली.

"ही खायची न्हाई," ती म्हणाली. "नुसती फिरवून आणायची."