खांद्यावरचा हात

मुलांनो, असं समजा की तुम्ही आठ वर्षांचे आहात. उद्या सकाळी मावशीबरोबर तिच्या घरी जायचंय, तिथल्या तलावात पोहायला शिकायचंय, आणि तुमची पिशवी परवापासून भरून दाराशी ठेवलेली आहे. आता समजा, तीच मावशी रागानं लाल होऊन भिंतीसमोर उभी आहे.

भिंगरीवर हीच वेळ आली होती. एका जागी ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. आत्ता मात्र ती दाराला चिकटून उभी होती.

भिंतीवर नवी फ्रेम होती. आजी-आजोबांना मधे बसवून सगळ्यांनी काढलेला फोटो. बाबांनी सकाळीच तो दुकानातून आणून टांगला होता. आईनं पाहिला, "शी, माझे डोळे मिटलेत," म्हणाली आणि कामाला लागली. आपलं पोट फार दिसत नाही ना, एवढंच बाबांनी बघून घेतलं. राहायला आलेली मावशी बाहेरून आली, चप्पल काढता काढता फोटोकडे वळली आणि एका पायातली चप्पल तशीच राहिली.

"ताई, हा तुझ्या खांद्यावर हात कुणाचा गं?"

आई हात पुसत बाहेर आली. "कुठला हात?"

"हा! घड्याळ बघ मनगटावरचं. माझा आहे. हात ठेवलात आणि मला काढून टाकलंत!"

खरंच, उजव्या कडेला आईच्या खांद्यावर मनगटापर्यंतचा एक हात होता. त्यापुढे फ्रेमची लाकडी पट्टी. 'अगं बाई, माझ्या लक्षातच आलं नाही,' एवढंच आईला म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आलेही होते. पण मावशीला धीर कुठला?

"मुद्दाम केलंस. मी खुपतेच तुझ्या डोळ्यांत."

"मुद्दाम?" आईचा आवाज चढला. "मला दुसरे उद्योग नाहीत? तुझं नेहमीचंच आहे. कुणी शिंकलं तरी तुला टोमणा वाटतो!"

"आणि तुझं? चुकलं म्हणायला जीभ रेटत नाही तुझी!"

"केलंच नाही तर का म्हणू?"

"अगं, त्या फ्रेमवाल्यानं कदाचित..." बाबांनी सुरुवात केली.

"भावोजी, तुम्ही मधे पडू नका."

"तुम्ही गप्प बसा हो," आईही म्हणाली. सबंध भांडणात दोघी बहिणींचं एकमत झालं ते एवढ्याच गोष्टीवर.

मग फोटो बाजूला राहिला. न विचारता विकलेला सोफा आला, न केलेला फोन आला, परत न मिळालेला स्वेटर आला. मावशीनं आतल्या खोलीत जाऊन कपडे पिशवीत कोंबले, चेन बसेना तशी उघडीच ठेवली, आणि पिशवी खांद्याला लावून बाहेर आली.

"आत्ताच्या आत्ता निघाले मी. पुन्हा या घराची पायरी चढले तर नाव बदलीन."

"जा की! अडवलंय कुणी?" आईनं भिंगरीकडे बोट केलं. "तुझी पिशवी आत ने. कुठ्ठं जायचं नाही."

भिंगरीचे कान तापले. ती रडली नाही. तिनं असा पाय आपटला की कपबशा वाजल्या.

"मी पण नाहीये त्यात!"

"कशात?" आई खेकसली.

"फोटोत! मी पण नाहीये!"

तिन्ही मोठी माणसं फोटोकडे वळली. आजोबा होते, आजी होती, मामा होता. डाव्या टोकाला बाबा होते. त्यांच्या पलीकडे लाकडी पट्टी. आईनं एकदा पाहिलं, मग जवळ जाऊन पुन्हा पाहिलं.

"बाबांच्या बाहीवर तीन बोटं दिसतात ना?" भिंगरी म्हणाली. "ती माझी."

बाबांनी नकळत स्वतःच्या बाहीला हात लावला.

"तुला कधी कळलं हे?" मावशीनं विचारलं. आवाजाला अजून धार होती, पण ती कुणावर चालवायची ते तिला कळत नव्हतं.

"सकाळीच. बाबांनी टांगला तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, फ्रेम लहान पडली असेल."



भिंगरीनं खुर्ची ओढली, वर चढून फ्रेम उतरवली आणि पलंगावर पालथी घातली. खणातून पक्कड आणली. एरवी 'हात कापशील' म्हणून सगळे धावले असते. आज ती एकेक खिळा वाकवत राहिली आणि सगळे बघत राहिले. मागचा पुठ्ठा निघाला. फोटो दोन्ही कडांनी मागे दुमडलेला होता. तिनं घड्या उलगडल्या. एका घडीतून तोंड उघडं टाकून हसणारी मावशी निघाली, दुसरीतून समोरचा दात पडलेली ती स्वतः.

उलगडलेला फोटो त्या फ्रेममध्ये मावणार नव्हताच. भिंगरीनं फ्रेम पलंगाखाली सरकवली, चिकटपट्टी दातांनी तोडली आणि फोटो भिंतीवर लावून टाकला. खुर्चीवर चढून नाही, खाली उभं राहून, स्वतःच्या नाकासमोर.

मोठ्या माणसांना तो नीट बघायचा तर वाकायला हवं होतं. आणि एवढी जड पिशवी खांद्यावर घेऊन वाकता येत नाही.