सत्तरवर ठाम

अकोल्याच्या डाळ मिलमध्ये गजेंद्रनं ड्रायरच्या टेंपरेचर कंट्रोलरवर नवा अलार्म सेट केला आणि तासाभरातच तो कोकलायला लागला.

"आकडा तर सत्तरवर ठाम हाय," ऑपरेटर वसंतराव वैतागले. "मंग हे काहून बोंबलून राह्यलं?"

"म्हणूनच, काका! चालत्या ड्रायरचा आकडा थोडा तरी खालीवर होते. हालतच नाही म्हणजे सेन्सर खोटं सांगून राह्यला. उघडून पाहा लागते."

चहाच्या सुट्टीत त्यानं नांदगाव खंडेश्वरला आईला रोजचा फोन लावला.

"मी बरी हाओ, बाबू. तू जेवला काय?"

महिनाभर हेच शब्द, याच आवाजात. गजेंद्रच्या हातातला चहा तसाच राहिला.



"काका, ड्रायर बंद ठेवा, सेन्सर उद्या उघडू," म्हणत त्यानं तडक बसस्टँड गाठलं.