बिजलीचा पिंजरा

माझ्या सशिणीनं, बिजलीनं, नव्या पिल्लाचा कान फाडला, तेव्हा पप्पा तिच्यावरच ओरडले. सशाची ती दोन्ही पिल्लं त्यांनीच आणून थेट तिच्या पिंजऱ्यात सोडली होती.

“एवढी मोठी घोडी झाली, दोन जीव सांभाळून घेता येत नाहीत? देऊन टाकतो हिला.”

“तिला विचारलं होतं?” मी म्हटलं. “तिच्या घरात कुणालाही घुसवायचं, वर तिनंच लाड करायचे?”

लवकरच पप्पांचं दुसरं लग्न होतं. नवी बाई तिच्या दोन मुलांना घेऊन इथंच येणार होती, माझ्या मेलेल्या आईच्या घरात. मला सगळं ठरल्यावर सांगितलं.

“ससे असे एकत्र करत नाहीत,” मी म्हटलं. “कुणाच्याच नसलेल्या जागेत सोडायचे. आपली मोरी चालेल. बिजली तिथं कधी गेलेली नाही.”

कान बरा झाल्यावर पप्पांनीच मोरी कोरडी केली, गोणपाट अंथरलं, पिल्लं ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “आपण भाड्यानं दुसरं घर बघू या का? सगळ्यांनाच नवं असेल असं.”

बिजली माझ्या हातात थरथरत होती.

“आधी हिचं जमतंय का बघू,” मी म्हटलं आणि तिला खाली सोडलं.