पेर्द्रीला किती गुण

टेबलावर एकवीस ग्लास होते. तीन ओळी, प्रत्येक ओळीत सात. प्रत्येक ग्लासात पन्नास मिली लाल वाइन, तापमान साडेचौदा अंश, तळाला एक ते सात आकड्यांच्या चिठ्ठ्या. सोलेनने सगळं दोनदा मोजलं आणि मग तळघराचं दार उघडून घरच्यांना आत घेतलं.

आई, थोरला भाऊ गाएताँ आणि आँसेल्मकाका येऊन बसले. चाखायचं असल्यामुळे सकाळपासून कोणी कॉफी घेतली नव्हती, तिघंही करवादलेली होती. काकांनी दाढीनंतर काहीतरी वासाचं लावलं होतं. आईने त्यांना नळाखाली तोंड धुवायला पिटाळलं.

दर फेब्रुवारीत मळ्याच्या सहा तुकड्यांची नवी वाइन घरचे अशीच नावं झाकून चाखत, वीसपैकी गुण देत, आणि कोणती कशात मिसळायची ते त्यावरून ठरत असे. या खेपेला आणखी एक गोष्ट ठरायची होती. पेर्द्री नावाच्या तुकड्यातले वेल सत्तर वर्षांचे झाले होते, त्यातले एक तृतीयांश वाळून गेले होते. गाएताँला ते उपटून नवे लावायचे होते. आईला ते मान्य नव्हतं. महिनाभर भांडून दोघांनी एवढंच कबूल केलं होतं की पेर्द्री पहिल्या दोनांत आली तर वेल राहतील, नाही तर गुरुवारी यंत्र येईल.

ओतण्याचं काम सोलेनकडे होतं. ती माँपेलिए शहरात वाइनच्या प्रयोगशाळेत कामाला असे आणि तिने अजून कोणाचीच बाजू घेतली नव्हती. वाइन सहा आणि प्रत्येक ओळीत ग्लास सात, कारण पेर्द्री तिने दोन ग्लासांत ओतली होती, दोन नंबरच्या आणि सहा नंबरच्या. दोन्हींचे गुण जवळपास सारखे आले तर निकालावर विश्वास ठेवता येईल. बाकीच्यांना तिने फक्त सातवा ग्लास तपासणीचा आहे असं सांगितलं होतं.

तिघांनी हुंगलं, चाखलं, बादलीत थुंकलं, लिहिलं. सोलेनने कागद गोळा करून बेरीज केली. साठपैकी दोन नंबरला एक्कावन्न, सर्वांत जास्त. सहा नंबरला अठ्ठावीस, सर्वांत कमी.

तिने बेरीज पुन्हा केली. दोन्ही ग्लासांत तापमापक बुडवून पाहिला. साबणाचा वास येतो का म्हणून दोन्ही हुंगले. येत नव्हता.

"काय गं, तोंड का उतरलं?" आईने विचारलं.

सोलेनने सांगून टाकलं.

"म्हणजे दोन आणि सहा एकच?"

"एकाच बाटलीतली, आई. पेर्द्री."

काकांनी आपला कागद मागून घेतला आणि चष्मा वर सरकवून वाचला. "सहाला मी लिहिलंय, ओलं लाकूड, ओतून द्या."

"आणि दोनला?"

"आमच्या बापाच्या हातची वाटते."

कोणी हसलं नाही. गाएताँने पेन्सिल टेबलावर टाकली. "मग ती पहिली आली का शेवटची? यंत्रवाल्याला मी काय सांगू?"

"पहिली आली," आई म्हणाली.

"शेवटचीही आली!"

"आधीच्या ग्लासाची चव जिभेवर राहत असेल," सोलेन म्हणाली. "सहाव्यापर्यंत जीभ थकते."

"माझी जीभ थकली?" आई उसळली. "तू रांगत होतीस तेव्हापासून मी इथे चाखतेय."

"मग आता प्रयोगशाळाबाईंनी चाखावं," गाएताँ म्हणाला. "मी ओततो. तू म्हणशील ते मला मान्य. आई, तुला?"

आईने होकारार्थी मान डोलावली. सोलेनला ते आवडलं नाही, पण नाही म्हणायला कारणही सापडेना. ग्लास धुतले गेले. ती बाहेर जाऊन चुनखडीच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

हाक आल्यावर ती आत गेली. सात ग्लास मांडलेले होते. प्रत्येक घोटानंतर तिने चूळ भरली, पावाचा तुकडा खाल्ला, पूर्ण एक मिनिट थांबली. तिसऱ्यात हिरव्या देठाचा कडवटपणा होता, तो तिने लिहून ठेवला. पाचव्यापाशी आली तेव्हा आत काहीतरी सैल झालं. पिकलेलं फळ आणि बनफशाच्या जांभळ्या फुलांचा वास. तिला इतकी खात्री वाटली की सातव्याचे गुण लिहिताच ती म्हणाली, "पाचवी. पेर्द्री पाचवी आहे, आणि तीच पहिली."

टेबलाखालून गाएताँने पेर्द्रीची बाटली काढून वर ठेवली. तळाशी थोडीशीच उरली होती. बाकीच्या पाच बाटल्या फळीवर होत्या, बुचं लावलेल्या.

सोलेन बाटलीकडे बघत राहिली, मग ग्लासांकडे. "सातही?"

"सातही."

"अरे, मग ती हरणार कशी होती?" आईने हळूच विचारलं. "तुला तर ते वेल उपटायचे होते."

"हो. उपटायचेच होते." गाएताँने कपाळ चोळलं. "ओतायला लागलो आणि दुसरी बाटली उचललीच नाही. का ते विचारू नकोस. मला नाही माहीत."

काकांनी सोलेनचा कागद आपल्याकडे ओढला आणि एकेक आकडा मोठ्याने वाचला. बारा, साडेनऊ, आठ, तेरा, सतरा, अकरा, दहा. सरासरी साडेअकरा.