कुक्यायो म्हणजे चमचा

"फोर्केत्ता," ड्रायव्हरची बायको म्हणाली आणि तिने हात पुढे केला.

त्याने झाकण दिलं. तिने मान हलवली. मग गाळणं. मग किसणी. शेवटी काटा हातात पडला तेव्हा ती हसली, आणि तो घामाघूम होऊन स्टुलावर टेकला.

तिला मेंदूचा झटका येऊन गेल्यापासून हे असं होतं. लग्नाआधी ती एका इटालियन इंजिनियरच्या घरी स्वयंपाकाला होती. झटक्याने घरची भाषा जिभेवरून पार धुऊन नेली आणि तळाशी बसलेली ती परकी भाषा तेवढी वर आली. ऐकलेलं सगळं समजायचं, बोलायची मात्र इटालियनच. डॉक्टर म्हणाले, "येईल परत. घाई करू नका."

घाई करायला ड्रायव्हरच्या अंगात त्राण होतं कुठे? जन्मभर बस हाकली, पण माणूस इतका अबोल की हॉर्नसुद्धा नाइलाजाने वाजवायचा. घरी आला की खुर्ची, पेपर आणि "हं". सगळा संसार त्या "हं"वर निभावला. आता निभेना. झाडू म्हणजे स्कोपा, पातेलं म्हणजे पेंतोला. चमचा म्हणजे कुक्यायो, हा पहिल्याच दिवशीचा धडा. वस्तू उचलायची, विचारायचं, घोकायचं. मीठ कुठल्या डब्यात असतं, हेही त्याला या वयात कळत होतं. संध्याकाळपर्यंत डोक्याचा भुगा व्हायचा. घाटातली बस यापेक्षा बरी.

आज तो औषधं घेऊन परतला. दार नुसतं लोटलेलं होतं. आत बायको फोनवर बोलत होती. खणखणीत, घरच्या भाषेत.

"अगं ताई, कधीच आलं सगळं परत! पण यांना सांगू कशाला? सांगितलं की बसले पुन्हा खुर्चीत. इतक्या वर्षांत कधी माझ्याशी एवढं बोलले होते का गं? झाडू हातात धरून विचारतात, याला काय म्हणायचं! आता घरातल्या वस्तू संपत आल्यात, तीच धास्ती."

ड्रायव्हरची कानशिलं तापली. पाय भरून आले होते. फटीतून त्याची रिकामी खुर्ची दिसत होती, वर घडी घातलेला पेपर.

तो हळूच काही पायऱ्या खाली उतरला. मग खोकत, चपला आपटत पुन्हा वर आला. आत फोन ठेवल्याचा आवाज झाला.

खुर्चीला वळसा घालून तो स्वयंपाकघरात गेला. चमचा उचलून तिच्यापुढे धरला आणि म्हणाला, "अगं, विसरलो बघ. याला काय म्हणायचं?"